निवेसच्या सायकलचा मागचा ब्रेक

निवेस रेबेक्की कुबड्या टेकत सायकलच्या दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा एर्मेस ग्रोप्पी एका चाकाचा बाक काढत बसला होता. आठ महिन्यांनी ती त्याच्या दुकानात येत होती. त्याने पाना खाली ठेवला, हात पुसले, खुर्ची पुढे ओढली. ती बसली नाही.

"आधी हे वाच," गळ्यातल्या पिशवीतून कागद काढून तिने त्याच्या पुढ्यात टाकले. "मग मला बस म्हणायचं की नाही ते ठरव."

एर्मेसने चष्मा लावला. विमा कंपनीच्या इंजिनिअरचा अहवाल होता. दुसऱ्या पानावर निवेसने पेन्सिलने खूण केली होती: 'सायकलचा मागील ब्रेक सुटलेल्या व निकामी अवस्थेत आढळला. अपघातापूर्वी तीन दिवस सदर ब्रेकचे काम एका स्थानिक कारागिराकडून करून घेण्यात आले होते. निकृष्ट देखभालीमुळे सायकलस्वार महिला वेळेत थांबू शकली नाही व वळणाऱ्या वाहनाच्या उजव्या बाजूस जाऊन आदळली.'

स्थानिक कारागीर म्हणजे तोच. एर्मेसने ते वाक्य दोनदा वाचलं. कानशिलं तापली.

निवेस शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाकीण होती. पियाचेन्झातल्या निम्म्या पोरांनी तिच्या हातचं खाल्लेलं. चौदा मार्चला सकाळी पावणेसातला ती नेहमीसारखी कामाला निघाली होती. जुन्या साखर कारखान्यापाशीच्या चौकात काँक्रीटचा मिक्सर ट्रक उजवीकडे, रस्त्याच्या कडेच्या बाजूला वळला (इटलीत वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात) आणि त्याची मागची चाकं तिच्या डाव्या पायावरून गेली. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तिला आठवत होतं ते एवढंच, की तिने घराला कुलूप लावलं. त्यापुढचं आठवतं ते इस्पितळाचं छत. बघणारं कोणी नव्हतं. कोपऱ्यावरचा बार नुकता उघडत होता, आणि त्याचा कॅमेरा आपल्याच खुर्च्यांवर नजर ठेवून होता.

"अर्धा दोष माझा म्हणतायत," निवेस म्हणाली. "म्हणजे अर्धा पाय मीच तोडून घेतला. एर्मेस, मला सरळ सांग. तू ब्रेक नीट लावला होतास ना?"

"लावला होता."

"ओरडू नकोस. विचारतेय."

"तीस वर्षं तुझ्या सायकली मी बघतोय आणि तू विम्याच्या त्या बूटपुश्या इंजिनिअरचं ऐकून मला विचारतेस?"

"हो, विचारतेय. पाय माझा गेलाय, तेव्हा विचारणार मीच." ती कुबडीवर रेलली. "तुला तो दिवस आठवतो का? तो ब्रेक अडकवलेला आठवतो?"

एर्मेसने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. महिन्यामागून महिने त्याने फाडले नव्हते, नुसते मागे उलटले होते. त्याने मार्चचं पान पुढे घेतलं. अकरा तारखेच्या चौकटीत त्याच्याच अक्षरात होतं: निवेस, मागचे ब्रेक-रबर. पोलिसांनी त्याचा फोटो काढून नेला होता आणि त्याने तो खुशाल काढू दिला होता, कारण लपवण्यासारखं त्यात काय होतं.

तो त्या चौकटीकडेच बघत राहिला. निवेसने कागद गोळा केले, पिशवीत घातले आणि आली तशी गेली. दारातल्या पायरीवर तिची एक कुबडी घसरली. तो धावला, तर तिने हात झिडकारला.

आता त्या ब्रेकची गोष्ट अशी असते. चाकाच्या दोन्ही बाजूंना ब्रेकचे दोन हात असतात, आणि वरती एक वाकडी नळी आकड्यात अडकवून ते एकमेकांना बांधलेले असतात. रबर बदलायचे तर नळी आकड्यातून सोडवायची, काम झालं की पुन्हा अडकवायची. दोन सेकंदांचं काम. विसरलं तर ब्रेकचा दांडा हँडलपर्यंत दाबला जातो आणि चाकाला काही कळतसुद्धा नाही. एर्मेसने आयुष्यात हजारो वेळा ती नळी अडकवली होती. म्हणूनच ती एक वेळ त्याला आठवत नव्हती. जे हातच आपोआप करतात त्याची डोक्यात नोंद राहत नाही. त्या दिवशी क्रेमोनाहून बहिणीचा फोन आला होता, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. फोन रबर लावण्याआधी आला की नंतर, ते आठवत नव्हतं.

निवेसला तीन दिवसांत कळलं नसतं का, असं तो स्वतःला विचारी. मग स्वतःच म्हणे, पुढच्या ब्रेकवरच भागवणारी माणसं काय कमी आहेत. त्याला राग इंजिनिअरचा येत होता, काँक्रीटवाल्यांचा येत होता, आणि त्या सगळ्या रागाच्या तळाशी स्वतःच्या दोन हातांचा येत होता. गिऱ्हाइकाची सायकल परत देताना तो आता दारापर्यंत जाऊन पुन्हा मागे फिरे, ब्रेक दाबून बघे. गिऱ्हाईक त्याच्याकडे बघत राही.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. दुपारी तो कोपऱ्यावरच्या खाणावळीत जेवायचा. एके दिवशी ताटात पिसारेई आली होती, पाव-पिठाच्या बारीक गोळ्या, घेवड्याच्या रश्श्यातल्या, वाफाळत्या. त्याने पहिला चमचा उचलला तोच गुआल्तिएरो न्हावी पलीकडच्या टेबलावरून म्हणाला, "एर्मेस, संध्याकाळी माझी सायकल आणतो. ब्रेक कुरकुरतोय. पण बाबा, उघडशील तसा लावशील ना?"

टेबलावरचे दोघंतिघं हसले. वाईट अर्थाने नव्हे, सवयीने.

"आणशील तर आण," एर्मेस म्हणाला. "तू वस्तरा माझ्या गळ्यावर ठेवतोस तेव्हा मी कधी असं विचारलंय का तुला?"

"अरे, गंमत केली."

"एका बाईचा पाय गेलाय, गुआल्तिएरो. गंमत कशात आहे ती मला दाखव, म्हणजे मीपण हसतो."

एर्मेसने चमचा खाली ठेवला आणि ताट तसंच टाकून तो उठला.

दोन दिवसांनी वकीलबाई झिलोक्की दुकानात आल्या. निवेसचं प्रकरण त्यांच्याकडे होतं. पस्तिशीच्या, बुटक्या, हेल्मेट हातात. स्वतः सायकलवर आल्या होत्या.

"गुरुवारी पोलिसांच्या ताब्यातली सायकल पुन्हा तपासणार आहेत," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजूंच्या समोर. विम्याचे इंजिनिअर येतील. मला सायकलमधलं चालवण्यापलीकडे काही कळत नाही. तुम्ही माझ्याबरोबर चला."

"मी? बाई, त्या कागदात तर मीच आरोपी आहे."

"आरोपी कोणी नाही तुम्ही. मला जाणकाराचे डोळे हवेत."

"आणि माझ्या डोळ्यांना दिसलं की चूक माझीच होती, तर?"

"तर तेही मला तिथेच कळलेलं बरं, कोर्टात कळण्यापेक्षा."

एर्मेसला त्यांचं ते उत्तर आवडलं. तो हो म्हणाला.

जप्त केलेल्या गाड्यांचं आवार शहराबाहेर, गोदामांच्या पलीकडे होतं. तिकडे जाताना दर दोन मिनिटांनी एक ट्रेलर वकीलबाईंच्या छोट्या गाडीला हलवून पुढे जाई. आवारात पत्र्याच्या छपराखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली सायकल होती, आकडा लिहिलेली पट्टी लावलेली. पोलीस हवालदाराने सील तोडलं.

हिरवी सायकल. त्यानेच निवेसला विकलेली. पुढचं चाक, हँडल, टोपली सगळं जागच्या जागी, आणि मागचा अर्धा भाग कागद चुरगळावा तसा. एर्मेसला वाटलं होतं आपण आधी ब्रेककडे बघू. पण त्याची नजर डाव्या पेडलवर गेली आणि तिथून हलेना. तिथे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. कोणीतरी पाण्याने धुतलं होतं.

"बघितलंत?" इंजिनिअर तालियाफेर्री म्हणाले. पॉलिश केलेले बूट, हातात टॅबलेट. त्यांनी पेनाने ब्रेककडे बोट केलं. नळी आकड्यातून निसटून बाजूला लोंबत होती. ब्रेकचे दोन्ही हात फाकलेले. "कोणीही सांगेल. ब्रेक जोडलेलाच नाही."

खरंच सुटलेला होता. अहवालाला जोडलेल्या फोटोत दिसतं ते खोटं असेल अशी जी वेडी आशा त्याला होती ती गेली. वकीलबाई त्याच्याकडे बघत होत्या. तो खाली बसला, गुडघे फरशीवर टेकून, आणि हवालदाराकडे त्याने बॅटरी मागितली.

बॅटरीचा उजेड तो ब्रेकच्या एकेका भागावरून फिरवत राहिला. इंजिनिअरसाहेबांनी घड्याळ पाहिलं.

"ब्रेकचे रबर तुम्ही तपासलेत का?" शेवटी एर्मेसने विचारलं.

"नवे आहेत. तेच लिहिलंय मी. तीन दिवसांपूर्वी बसवलेले."

"नवे आहेत. पण कोरे नाहीत." त्याचा आवाज बदलला होता. "इकडे या. असे खाली बसा. बसा हो, पँट धुता येते. साच्यातून रबर येतं तेव्हा त्याच्या तोंडावर चकाकी असते आणि मधोमध साच्याची बारीक रेघ. इथे दिसते का रेघ? दोन्हीकडची घासून गेलीय. आणि हे चमचमतंय ते काय? रिमची कणी, ॲल्युमिनियमची. रबरात रुतलीय. मी नळी अडकवायला विसरलो असतो, तर हे रबर रिमला एकदासुद्धा लागलं नसतं. मग ही कणी यात आली कुठून?"

इंजिनिअर वाकले, खाली बसले मात्र नाहीत. "मग नळी सुटली कशी?"

"मागचा सांगाडा चेपलाय, दिसतंय ना? दोन पाइप एकमेकांवर दाबले गेले की ब्रेकचे हात जवळ येतात, नळी सैल होते आणि आकड्यातून निसटते. अपघाताने ब्रेक सुटला. ब्रेक सुटल्याने अपघात नाही झाला."

"ही एक शक्यता झाली."

एर्मेस आता थांबणार नव्हता. त्याचा हात सायकलभर फिरत होता, जणू ती आजारी होती आणि कुठे दुखतं ते तो विचारत होता. मागच्या चाकाच्या दात्यांपाशी तो थांबला.

"साखळी कुठल्या चकतीवर आहे?"

"मोठ्या," वकीलबाई म्हणाल्या.

"सगळ्यात मोठ्या. म्हणजे सगळ्यात हलका गिअर. या गावात चढ औषधालाही नाही. मग हा गिअर निवेसने कशाला टाकला? थांबायच्या आधी टाकतात तो, म्हणजे दिवा हिरवा झाला की निघताना जोर पडत नाही. या गिअरवर पाय कितीही फिरवा, सायकल वेग घेत नाही. साहेब, तुम्ही लिहिलंय ती वेगात येऊन आदळली. या गिअरवर?"

"चेपताना साखळी सरकली असेल."

"आणि हँडलवरची गिअरची मूठ? ती पण सरकली?" एर्मेसने बॅटरी तिकडे वळवली. मुठीवरचा काटा एकवर, त्याच हलक्या गिअरवर होता. हँडलला ओरखडासुद्धा नव्हता. "ती थांबली होती. लाल दिव्याला ब्रेक लावून, नीट, शहाण्यासारखी थांबली होती. तुमचा ट्रक तिच्या शेजारी नंतर येऊन उभा राहिला आणि तिच्या अंगावरून वळला. थांबलेल्या माणसाला ब्रेक कशाला लागतो, तेवढं मला सांगा."

इंजिनिअरसाहेबांनी टॅबलेटवर काहीतरी टिपलं. वकीलबाईंनी वाचायला मागितलं. 'मागील ब्रेकची अपघातापूर्वीची अवस्था: अनिश्चित.'

"अनिश्चित," एर्मेस म्हणाला. "निकृष्ट लिहिताना तुमची निश्चिती झाली होती. फोटो बघून, घरी बसून. आता वस्तू डोळ्यांसमोर आहे, तर अनिश्चित."

"हे पाहा, आवाज वाढवून—"

"तीन आठवडे मी झालेल्या कामाला पुन्हा हात लावून बघतोय. तीन आठवडे मला वाटतंय की त्या बाईचा पाय मी कापला. तुम्हाला सायकलचं काही कळत नाही यात लाज नाही. खूप जणांना कळत नाही. पण ज्यातलं कळत नाही त्यावर सही करून लोकांच्या घरी पाठवता, त्याची थोडी तरी लाज बाळगा."

वकीलबाईंनी त्याची बाही ओढली. हवालदार दुसरीकडे बघत होता, पण त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं.

परतताना गाडीत एर्मेसने काच खाली केली आणि तोंड वाऱ्यावर धरलं. वकीलबाईंना वाटलं सुटकेने. सुटका बिटका काही नव्हती. त्याला आणखीच राग आला होता. परक्या माणसाच्या एका वाक्यावर त्याने स्वतःच्या हातांचा भरवसा सोडला होता, ते त्याला सहन होत नव्हतं.

निवेसच्या घरी तो त्याच संध्याकाळी गेला. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे मी थांबले होते."

"थांबली होतीस."

"बरं झालं सांगितलंस. मला रोज वाटायचं, मी घाई केली असेल. भट्टीवर रस्सा ठेवायचा होता." मग तिने त्याला खुर्चीकडे बोट केलं. "बस. मी तुझ्यावर संशय घेतला म्हणून तोंड फुगवून जाऊ नकोस. तुझ्या जागी मी असते तर मीपण माझ्यावर ओरडले असते."

तो बसला. तिने माफी मागितली नाही आणि त्याला ती नकोही होती.

डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या बुधवारी, एक चाळिशीचा माणूस दुकानात शिरला. जाकिटाच्या कोपरावर सिमेंटचे वाळलेले थेंब होते. सायकलचा दिवा हवाय म्हणाला. एर्मेसने तीन दिवे पुढे ठेवले. माणूस ते उलटसुलट करत राहिला, पण बघत एकाकडेही नव्हता.

"मिस्त्री, त्या शाळेतल्या बाईंची सायकल तुमच्याकडची ना?"

"तू कोण?"

"मी दोरू. ट्रक मी चालवत होतो."

एर्मेसच्या हातात पाना होता, आणि तो पाना आता कुठे ठेवावा हे त्याला कळेना. आठ-नऊ महिने या माणसाचा चेहरा त्याने मनात हजारदा बनवला होता, जाड मानेचा, निगरगट्ट. समोर उभा होता तो एक किडकिडीत, डोळ्यांखाली काळं झालेला माणूस. त्यामुळे राग कमी झाला नाही. रागाला धरायला जागा मात्र मिळेना.

"बाहेर हो," एर्मेस म्हणाला.

"होतो. एक ऐकवून होतो." दोरूने खिशातून फोन काढला. "ट्रक एवढा उंच असतो की उजव्या दाराशी खेटून उभा माणूस आरशात दिसत नाही. म्हणून त्या बाजूला कॅमेरा असतो, आत पडदा. माझा पडदा फेब्रुवारीपासून काळा होता. चार वेळा सांगितलं मी. हे त्या सकाळचं आहे."

त्याने बटण दाबलं. घाईतला, वैतागलेला, पण रागीट नसलेला आवाज आला, रोजच्या कामाचा असतो तसा. "दोरू, कॅमेऱ्याचं पुढच्या आठवड्यात बघू. माल भरलाय. दीड तासात ओतला नाही तर ड्रममध्ये दगड होईल त्याचा. आरसे आहेत ना तुला? नीघ."

"आमच्या यार्डाचा मॅनेजर," दोरू म्हणाला. "अपघातानंतर दुसऱ्या दिवशी नवा कॅमेरा बसवला. मला म्हणाले, बाई वेगात आली असं सांग."

"आणि तू सांगितलंस."

"सांगितलं."

"ती थांबली होती का?"

"माहीत नाही. देवाशप्पथ माहीत नाही. मी दिव्यापाशी आलो तेव्हा काचेतून कोणी दिसलं नाही. म्हणजे काचेच्या खाली असणार. मिस्त्री, मी नाही म्हटलं असतं तर त्यांनी दुसऱ्याला पाठवलं असतं."

"मग आज तो दुसरा इथे उभा असता. उभा तू आहेस." एर्मेसने पाना खिळ्याला अडकवला. "हे मला कशाला ऐकवतोस? मी काय करू याचं? लोणचं घालू?"

"त्या बाईंना तोंड दाखवायची हिंमत नाही. तुमचं नाव त्या अहवालात वाचलं. तुमचा काही दोष नाही, एवढं सांगावं म्हणून."

"ते मला रबराने सांगितलं. तू उशीर केलास." त्याने अंगावरचा डगला काढला. "चल."

"कुठे?"

"वकीलबाईंकडे. हे त्यांना ऐकव."

"माझं काम जाईल."

"तिचा पाय गेलाय."

भर दुपारी एर्मेसने दुकानाचं शटर ओढलं. दोघं चालत निघाले. बाजाराचा दिवस होता. घोड्यांच्या पुतळ्यांच्या चौकात चीजवाले आणि मोजेवाले ओरडत होते. अर्ध्या वाटेत दोरू थांबला. त्याला कॉफी घ्यायची होती.

"नंतर घे."

"दोन मिनिटं, मिस्त्री. घसा कोरडा पडलाय."

"बोलून झालं की मी पाजतो. आत्ता तू कॉफी प्यायला गेलास की तिथूनच घरी जाशील. मी ओळखतो ना. मलाही त्या आवारात जाताना गाडीतून उतरून पळावंसं वाटत होतं."

दोरूने त्याच्याकडे पाहिलं आणि तो पुन्हा चालायला लागला. वकीलबाईंच्या जिन्यात दोरू पुन्हा थबकला, तेव्हा एर्मेस त्याच्या मागच्या पायरीवर उभा राहिला. उतरायची वाट बंद झाली.

खटला वसंतात उभा राहिला. एर्मेस साक्षीला गेला तेव्हा कंपनीच्या वकिलांनी गोड आवाजात विचारलं, "आपलं शिक्षण?"

"आठवी."

"म्हणजे यंत्रशास्त्राचं असं काही..."

"नाही. ब्रेक नववीत शिकवतात का?"

मागच्या बाकांवर हशा झाला. न्यायाधीशबाईंनी त्याला समज दिली, आणि मग रबरांचे मोठे करून काढलेले फोटो स्वतः जवळ घेऊन बराच वेळ पाहिले. इंजिनिअर तालियाफेर्रींनी आपला पहिला निष्कर्ष मागे घेतला, खाली बघत, हळू आवाजात. दोरूच्या फोनमधला आवाज कोर्टात वाजला. मॅनेजर म्हणाला, आवाज माझा आहे, पण बोलण्याचा अर्थ तसा नव्हता. मग कसा होता, ते मात्र त्याला सांगता आलं नाही.

मॅनेजर आणि दोरू दोघंही दोषी ठरले. शिक्षा झाली, तुरुंगात मात्र कोणी गेलं नाही. दोरूचा परवाना गेला, त्याआधी कामही गेलं होतं. तो आता एका गोदामात खोकी उचलतो असं एर्मेसच्या कानावर आलं. निवेसचा अर्धा दोष कागदावरून पुसला गेला. कंपनीचे मिक्सर त्याच चौकातून, त्याच वेळेला, तसेच धावत राहिले. त्यांच्या पाठीवर आता पिवळी पट्टी होती: सायकलस्वारांनो, सावधान.

ती पट्टी पहिल्यांदा वाचली तेव्हा एर्मेस रस्त्याच्या कडेला उभा राहून मोठ्याने शिवी हासडून मोकळा झाला. "सावधान आम्हीच," तो शेजारून जाणाऱ्या एका अनोळखी आजीबाईंना म्हणाला. "पाय आमचा, आणि सावध पण आम्हीच." आजीबाईंनी पिशवी घट्ट धरली आणि पाऊल उचललं.

मे महिन्यात निवेसने त्याच्याकडून सायकल बांधून घेतली. नकली पायाला अजून सवय होत होती. एर्मेसने पाय सहज ओलांडता येईल असा खाली वाकलेला सांगाडा निवडला, डाव्या पेडलला पाय घसरू नये म्हणून कडा केली, सीट दोनदा बदलली. तिने गल्लीत तीन फेऱ्या मारल्या. पहिलीत ती पडता पडता वाचली, तिसरीत तिने घंटी वाजवली.

"सोमवारपासून शाळेत," ती उतरून म्हणाली. "मुलं म्हणतायत, नवी बाई मीठच घालत नाही."

"मी येतो बरोबर. चौकापर्यंत."

"चौकातून नाही जाणार मी. स्मशानाच्या मागून, मग कालव्याच्या कडेने. बारा मिनिटं जास्त लागतात. मोजलीयत."

एर्मेस हातातलं फडकं घडी करत होता, तो थांबला. "का? कोर्टाने सांगितलं ना, तू बरोबर होतीस. तू थांबली होतीस."

"हो. तू जिंकलास, वकीलबाई जिंकल्या, मीपण जिंकले. पण त्या चौकात गेलं की माझ्या नसलेल्या पायाला घाम फुटतो, एर्मेस. परवा बसमधून गेले तरी फुटला."

"म्हणजे ते सरळ जाणार आणि तू वळसा घालणार."

"मग काय करू? त्यांना म्हणू, तुम्ही कालव्याने जा?"

"हो," एर्मेस म्हणाला. "तसंच म्हणायला हवं."

निवेसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, सायकलवर बसली आणि गेली. त्याने शटर ओढलं ते इतक्या जोरात, की समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. अहवाल वाचताना, आवारात, दोरूसमोर, कोर्टात, एवढा राग त्याला कधीच आला नव्हता. आणि या वेळी तो काढायला समोर कोणीच नव्हतं.

सोमवारी पावणेसातला तो सायकलवर, साखर कारखान्याच्या चौकात होता. त्याचं घर आणि त्याचं दुकान एकाच रस्त्यावर आहेत, तो चौक त्याच्या वाटेत कुठेच येत नाही. लाल दिव्याला तो कडेला थांबला नाही. लेनच्या अगदी मधोमध, दिव्यापाशीच्या थांबायच्या रेघेवर थांबला. मागून मिक्सर आला, ड्रम फिरत होता. ड्रायव्हरने हलकासा हॉर्न दिला. एर्मेसने एक पाय जमिनीला टेकला, मान वळवली आणि मिक्सरच्या काचेकडे वर बघितलं, थेट, आतला माणूस नजर चुकवेनासा होईपर्यंत. दिवा हिरवा झाला. पुन्हा हॉर्न वाजला, या वेळी लांबलचक. मग तो निघाला, सावकाश, लेनच्या मधूनच, आणि मिक्सर त्याच्या मागे त्याच्याच वेगाने चौक ओलांडत राहिला.

मंगळवारीही तो गेला.